रस्त्यावरचे दिवे पांढरे झाले, मग गच्चीवरचे तारे कुठे गेले?

आज रात्री जेवण झाल्यावर गच्चीवर जा. फोनचा कॅमेरा नाइट मोडवर टाका, सरळ डोक्यावर धरा आणि आकाशाचा एक फोटो काढा. आता घरातल्या कोणाकडे दहा-बारा वर्षांपूर्वीचा, शहरात रात्री काढलेला एखादा फोटो असेल तर तो शेजारी ठेवून बघा. जुन्या फोटोत आकाश नारिंगी-तपकिरी दिसेल. आजच्या फोटोत ते राखाडी-पांढरट आहे. कॅमेरे सुधारले हे खरंच, पण आकाशाचा रंगही खरोखर बदललाय. कारण खाली रस्त्यावरचा दिवा बदललाय.

हे माझ्या लक्षात आलं ते एका फिल्टरमुळे. माझ्याकडे सहा इंची दुर्बीण आहे. शहरातल्या दिव्यांचा उजेड कापणारा एक फिल्टर मी मंडळातल्या मित्राकडून सेकंडहँड घेतला होता. नेत्रभिंगाला लावला की पार्श्वभूमी छान काळी व्हायची आणि पुसट तेजोमेघ थोडेतरी वर यायचे. मग आमच्या गल्लीतले पिवळे दिवे गेले आणि पांढरे एलईडी आले. त्या आठवड्यात फिल्टर लावला, काढला, पुन्हा लावला. काहीच फरक नाही! आधी वाटलं फिल्टर खराब झाला. फिल्टर ठणठणीत होता. ज्या दिव्यासाठी तो बनवला होता, तो दिवाच राहिला नव्हता.

म्हणजे नेमकं काय झालं? चला, पहिल्यापासून बघूया.

आधी काय होतं, आता काय आलं

आपल्या रस्त्यांवर कित्येक वर्षं सोडियमचे दिवे होते. सोडियमची वाफ तापली की ती ठरावीक रंगाचाच प्रकाश सोडते. सर्वांत जोरदार प्रकाश ५८९ नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपास, म्हणजे पिवळ्या-नारिंगी पट्ट्यात. निळा रंग त्यात फारच कमी. म्हणूनच त्या दिव्याखाली निळी गाडी आणि काळी गाडी सारखीच दिसायची.

५ जानेवारी २०१५ ला केंद्र सरकारने पथदिव्यांचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. जुने दिवे काढायचे आणि एलईडी लावायचे. एनर्जी एफिशियन्सी सर्व्हिसेस लिमिटेड, म्हणजे ईईएसएल या सरकारी कंपनीकडे हे काम आलं आणि देशभरात १.३ कोटींहून जास्त पथदिवे बदलले गेले. यातला वीजबचतीचा फायदा अगदी खरा आहे. तेवढ्याच रस्त्यावर उजेड पाडायला एलईडीला साधारण निम्मी वीज पुरते, आणि दिवा टिकतोही जास्त.

पण एलईडी पांढरा उजेड तयार कसा करतो? त्याचं उत्तर तुमच्या हातातच आहे. फोनच्या मागचा फ्लॅश बंद असताना नीट बघा. त्यात एक पिवळा ठिपका दिसेल. तो फॉस्फर नावाच्या पदार्थाचा थर. त्याच्याखाली असते निळा प्रकाश देणारी चिप, साधारण ४५० नॅनोमीटरची. निळ्या प्रकाशातला काही भाग हा थर गिळतो आणि पिवळा करून बाहेर टाकतो. उरलेला निळा आणि हा पिवळा एकत्र आले की डोळ्याला पांढरं दिसतं. ही निळी चिप बनवणं इतकं अवघड होतं, की त्यासाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

रस्त्यावरच्या पांढऱ्या दिव्यातही तेच तंत्र आहे. थोडक्यात, प्रत्येक पांढऱ्या एलईडीच्या पोटात एक निळा दिवा असतो. गोष्ट इथेच वळण घेते.

निळाच प्रकाश का नडतो?

दिवसा आकाश निळं का दिसतं, हे शाळेत शिकलोय. हवेतले रेणू निळा प्रकाश जास्त विखुरतात आणि लाल-पिवळा कमी. या विखुरण्याचं एक गणित आहे. तरंगलांबी कमी झाली की विखुरणं तिच्या चौथ्या घातात वाढतं. ५८९ भागिले ४५० केलं तर येतात सुमारे १.३. त्याचा चौथा घात जवळपास ३. म्हणजे स्वच्छ हवेत सोडियमच्या पिवळ्या प्रकाशापेक्षा एलईडीचा निळा भाग तिप्पट विखुरतो.

हाच नियम रात्री शहरावर लागू करा. खांबावरचा काही उजेड थेट वर जातो, काही डांबरावर आणि भिंतींवर आपटून वर जातो. हवेत तो विखुरतो आणि त्यातला काही परत खाली, आपल्या डोळ्यांकडे येतो. शहरावर दिसणारी धुरकट चमक ती हीच. तारा तिथेच असतो, तेवढाच तेजस्वी असतो, पण त्याच्या मागचा पडदा उजळलेला असतो. सिनेमा चालू असताना हॉलमधले दिवे लावले तर चित्र पुसट होतं, तसंच.

इथे दोन गोष्टी लक्षात ठेवा. हवेत धूळ, धूर किंवा बाष्प जास्त असेल तर सगळेच रंग विखुरतात आणि निळ्या-पिवळ्यातला फरक कमी होतो. म्हणूनच हिवाळ्यातल्या धुरकट रात्रीपेक्षा पावसाळा संपल्यावरची ऑक्टोबरची धुतलेली रात्र बरी वाटते. दुसरं म्हणजे, निळा प्रकाश जास्त विखुरतो म्हणून तो वाटेतच संपतोही लवकर. शंभर किलोमीटर लांबच्या डोंगरावर निळ्याचा जादा त्रास कमी पोचतो. शहराच्या आत आणि अगदी कडेला तो सर्वांत जास्त. म्हणजे या बदलाचा पहिला फटका बसतो तो लांबच्या मोठ्या वेधशाळेच्या आधी गच्चीवरच्या हौशी निरीक्षकाला.

फिल्टर का हरला?

आता माझ्या फिल्टरची गोष्ट कळेल. सोडियमचा प्रकाश थोड्या ठरावीक पट्ट्यांत असायचा. फिल्टर बनवणाऱ्यांनी नेमके तेच पट्टे अडवले आणि बाकीचा प्रकाश जाऊ दिला. गर्दीतला एकच आरडाओरडा करणारा माणूस बाहेर काढावा, तसं.

पांढऱ्या एलईडीचा प्रकाश मात्र निळ्यापासून लालपर्यंत सलग पसरलेला असतो. आता गर्दीतला प्रत्येक जण थोडाथोडा बोलतोय. कोणाकोणाला बाहेर काढणार? सगळ्यांना काढलं तर ताऱ्यांचा प्रकाशही जातो, कारण ताऱ्यांचा प्रकाशही असाच सलग असतो.

एक वाट उरते. काही तेजोमेघ ठरावीक रंगांतच चमकतात. हायड्रोजनचा लाल प्रकाश ६५६ नॅनोमीटरला, ऑक्सिजनचा हिरवट ५०१ नॅनोमीटरच्या जवळ. फक्त एवढ्याच अरुंद खिडक्या उघड्या ठेवणारे फिल्टर आजही काम करतात. फोनवरून चालणाऱ्या नव्या स्मार्ट दुर्बिणी तुम्ही रील्समध्ये पाहिल्या असतील. त्यातल्या सीस्टार एस५० सारख्या दुर्बिणीत असा दोन खिडक्यांचा फिल्टर आतच बसवलेला असतो. म्हणून शहरातूनही त्या मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाचा झकास फोटो काढतात. पण देवयानी दीर्घिकेसारख्या दीर्घिका दिसतात त्या ताऱ्यांच्या सलग प्रकाशाने. त्यांना हा फिल्टर उपयोगाचा नाही. दीर्घिका बघायची तर गाडी काढून अंधारात जाणं हाच उपाय.

मुंबईचं खगोल मंडळ आकाशदर्शनासाठी वांगणीला जातं, बदलापूरच्याही पुढे. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ साली सुरू झाली, देशातली हौशी खगोलप्रेमींची सर्वांत जुनी संस्था. त्या काळच्या पुण्यातून जे नुसत्या डोळ्यांनी दिसत असेल, त्यासाठी आज कित्येक किलोमीटर बाहेर जावं लागतं. ज्याच्याकडे गाडी आहे, रविवार मोकळा आहे, घरून परवानगी आहे, तो जाऊ शकतो. बाकीच्यांचं काय? शाळेतल्या मुलीला आकाशाची गोडी लागते ती गच्चीवरून. पहिला तारा घरून दिसला, तरच माणूस पुढचा तारा बघायला बाहेर पडतो.

डोळ्यांचाही प्रश्न आहे

आकाश उजळलं हे एक. दुसरं म्हणजे डोळ्यांवर येणारी तिरीप. अंधारात गेल्यावर आपले डोळे पूर्ण सरावायला २० ते ३० मिनिटं लागतात. अंधारात काम करणाऱ्या डोळ्यातल्या पेशी ५०० नॅनोमीटरच्या आसपासच्या निळ्या-हिरव्या प्रकाशाला सर्वांत जास्त संवेदनशील असतात. लाल प्रकाशाची त्यांना फारशी दखल नसते. म्हणून आकाशदर्शनाला लाल टॉर्च वापरतात.

पांढऱ्या एलईडीत या पेशींना नेमका झोंबणारा भाग सोडियमपेक्षा खूप जास्त आहे. तुमच्या गच्चीच्या पातळीवर खांबाचा दिवा थेट दिसत असेल, तर डोळे सरावतच नाहीत. फोनचंही तेच. मध्येच एक मेसेज बघितला की अर्ध्या तासाची कमाई गेली. त्यासाठी एक सेटिंग करून ठेवा. आयफोनमध्ये ॲक्सेसिबिलिटीतल्या कलर फिल्टर्समध्ये जाऊन कलर टिंट लाल करता येतो. अँड्रॉइडवर एक्स्ट्रा डिम वापरा. आकाश दाखवणाऱ्या स्टेलॅरियमसारख्या ॲपमध्येही लाल रंगाचा नाइट मोड असतो.

मग एलईडी वाईट का?

नाही! आणि हे नीट समजून घ्या, कारण इथेच लोक चुकतात. एलईडीमध्ये अशा तीन सोयी आहेत, ज्या सोडियममध्ये नव्हत्या किंवा फार अवघड होत्या. वापरल्या तर आकाश आधीपेक्षा बरं होऊ शकतं. न वापरल्या तर आजच्यासारखं होतं.

पहिली सोय, रंग. घरातल्या बल्बचं खोकं बघा. त्यावर ६५००के, ४०००के किंवा ३०००के असं काहीतरी छापलेलं असतं. के म्हणजे केल्व्हिन. आकडा जितका मोठा, तितका प्रकाशात निळा जास्त. दुकानदार ज्याला कूल डेलाइट म्हणतो तो ६५००, वॉर्म व्हाइट म्हणजे ३००० किंवा त्याच्याही खाली. आपल्याकडे रस्त्यांवर ५०००-६५०० च्या आसपासचा थंड पांढरा उजेड सर्रास दिसतो. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने २०१६ मध्येच ३००० किंवा त्याहून कमी केल्व्हिनचे पथदिवे वापरा, असा सल्ला दिला होता. त्यांचा मुख्य मुद्दा झोप आणि डोळ्यांवरची तिरीप हा होता, पण आकाशालाही तोच आकडा मानवतो. फ्रान्सने २०१८ च्या नियमांत बाहेरच्या दिव्यांसाठी ३००० ची मर्यादाच घातली.

रंग बदलता येतो याचा पुरावा मुंबईत आहे. २०१५ मध्ये मरीन ड्राइव्हचे पिवळे दिवे काढून पांढरे एलईडी लावले गेले. राणीचा रत्नहार फिका पडला म्हणून लोकांनी ओरड केली, राजकारणही रंगलं, आणि पुढे तिथे पिवळसर छटेचे एलईडी आले. ती ओरड ताऱ्यांसाठी नव्हती, शहराच्या देखणेपणासाठी होती. पण त्यातून एक गोष्ट सिद्ध झाली. एलईडी म्हणजे पांढराच असं काही नाही. कुठला घ्यायचा हे ठरवणारा माणूस असतो, आणि लोक बोलले तर तो ऐकतो.

दुसरी सोय, दिशा. जुना दिवा चहूबाजूंनी उजेड फेकायचा, मग त्याला टोपी घालून तो खाली वळवावा लागायचा. एलईडीचा उजेड मुळातच एका बाजूला जातो. दिवा जमिनीला समांतर बसवला तर आडवा आणि वर जाणारा उजेड जवळपास बंद होतो. पण खांबावर तोच दिवा वाकडा, वर तोंड करून बसवला, की तो रस्त्यापेक्षा समोरच्या तिसऱ्या मजल्याची सेवा करतो. असे वाकडे दिवे तुमच्या वाटेवर किती आहेत, एकदा मोजून बघा.

तिसरी सोय, प्रमाण आणि वेळ. एलईडी मंद करता येतो. रात्री दोन वाजता रस्त्यावर कुत्रं नसताना संध्याकाळी आठचा उजेड कशाला? सोडियमचा दिवा असा सहज कमी-जास्त होत नव्हता, विझला तर पुन्हा पेटायला काही मिनिटं घ्यायचा.

या तीनही गोष्टी एकत्र केल्या तर काय होतं, हे अमेरिकेतल्या टुसॉन शहराने दाखवलं. शहराभोवती मोठ्या वेधशाळा आहेत, म्हणून आकाशाची काळजी तिथे जुनीच. त्यांनी सोडियम काढून ३००० केल्व्हिनचे, पूर्ण खाली तोंड असलेले एलईडी लावले आणि पथदिव्यांचा एकूण उजेड जवळपास ६० टक्क्यांनी कमी केला. आधी आणि नंतर मोजणी झाली. पांढरे दिवे लावूनही शहरावरची चमक वाढली नाही, सुमारे ७ टक्क्यांनी कमी झाली.

उजेड ६० टक्क्यांनी कमी आणि चमक फक्त ७ टक्क्यांनी? हो. कारण काही अंशी निळा भाग वाढला होता, आणि शहरातला सगळा उजेड पथदिव्यांचा नसतो. पुढे टुसॉनमध्येच रात्रीमागून रात्री पथदिवे मुद्दाम कमी-जास्त करून उपग्रहातून मोजलं गेलं. मध्यरात्रीनंतर वरून दिसणाऱ्या उजेडात पथदिव्यांचा वाटा १३ टक्क्यांच्या आसपासच निघाला. बाकी काय? जाहिरातींचे फलक, दुकानं, पार्किंग, मैदानांवरचे फ्लडलाइट, इमारतींवरचे फोकस. म्हणजे महानगरपालिकेला नावं ठेवून आपण मोकळे झालो, असं होत नाही. सोसायटीच्या टाकीवरचा तो रात्रभर जळणारा हॅलोजनही हिशेबात आहे.

यात एक मानवी स्वभावही आहे. उजेड स्वस्त झाला की आपण तो वाचवत नाही, जास्त वापरतो. पूर्वी गेटवर एक दिवा असायचा, आता कंपाउंडभर माळ असते.

पण अंधारात सुरक्षिततेचं काय?

हा प्रश्न अगदी रास्त आहे. रात्रपाळीवरून किंवा क्लासवरून घरी येणाऱ्या मुलीला कोणी सांगू नये की तारे दिसावेत म्हणून दिवा विझवतोय. तशी मागणीही कोणी करत नाहीये.

मागणी आहे ती उजेड जिथे हवा तिथे पाडण्याची. डोळ्यांत थेट घुसणारा दिवा सुरक्षितता वाढवत नाही. त्याच्या तिरिपेमुळे बाहुली आकसते आणि दिव्यामागच्या सावलीत उभा असलेला माणूस दिसतच नाही. स्कूटर चालवताना समोरच्या गाडीचा हाय बीम आला की काय होतं, ते आठवा. खाली तोंड केलेला, फार प्रखर नसलेला दिवा रस्ता आणि फुटपाथ दोन्ही नीट दाखवतो. चालणाऱ्याची आणि तारे बघणाऱ्याची गरज इथे एकच आहे.

उपग्रहाला जे दिसत नाही

आता सगळ्यात गमतीचा भाग. पृथ्वीवरचा रात्रीचा उजेड मोजायला उपग्रह आहेत. २०११ मध्ये सोडलेल्या सुओमी एनपीपी उपग्रहावरचा कॅमेरा दररोज रात्री हे काम करतो. प्रकाशप्रदूषणाचे जे नकाशे तुम्ही फोनवर बघता, त्यातले बरेच याच माहितीवर बनतात.

पण हा कॅमेरा साधारण ५०० ते ९०० नॅनोमीटरचाच प्रकाश पकडतो. एलईडीची निळी शिखररेषा कुठे होती? ४५० ला. म्हणजे नेमका जो भाग वाढला, त्याला हा कॅमेरा आंधळा आहे! एखाद्या शहराने सगळे सोडियम काढून पांढरे एलईडी लावले, तर उपग्रहाला शहर थोडं काळोखं झाल्यासारखंही वाटू शकतं. खाली गच्चीवरच्या माणसाला मात्र आकाश उजळलेलं दिसतं.

मग खरं कोण सांगणार? गच्चीवरचा माणूसच. ग्लोब ॲट नाइट नावाचा एक लोकसहभागाचा प्रकल्प २००६ पासून चालू आहे. जगभरातले लोक त्यात सांगतात की आमच्या इथून अमुक नक्षत्रात किती बारीक तारे दिसतात. २०११ ते २०२२ या काळातल्या अशा ५१ हजारांहून जास्त नोंदी एकत्र करून २०२३ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एक शोधनिबंध आला. त्यानुसार आकाशाची चमक सरासरी दरवर्षी ९.६ टक्के वाढतेय. म्हणजे आठ वर्षांच्या आत दुप्पट. उपग्रहांच्या आकड्यांवरून जी वाढ वाटत होती, तिच्यापेक्षा ही कितीतरी जास्त. संशोधकांनी ते असं समजावलं. जिथून आज २५० तारे दिसतात तिथे आज एक बाळ जन्मलं, तर ते १८ वर्षांचं होईपर्यंत तिथून जेमतेम १०० तारे दिसतील.

यात आपल्यासाठी एक मेख आहे. त्यातल्या बहुतेक नोंदी युरोप आणि अमेरिकेतल्या आहेत. आपल्या शहरांचं आकाश किती वेगाने बदलतंय, हे सांगायला आपल्या शहरांतूनच नोंदी हव्यात. त्यासाठी दुर्बीण लागत नाही. डोळे आणि फोन पुरेत.

तुमचं आकाश तुम्हीच मोजा

चंद्र नसलेली रात्र निवडा. सूर्यास्तानंतर तासाभराने गच्चीवर जा, थेट दिवा दिसणार नाही असा कोपरा धरा आणि वीस मिनिटं फोन खिशात ठेवा. मग या परीक्षा घ्या.

१. अरुंधती दिसते का? मार्च ते जूनच्या संध्याकाळी उत्तरेला सप्तर्षी शोधा. शेपटीतला मधला तारा वसिष्ठ, त्याला चिकटून बारीक अरुंधती. आपल्याकडे लग्नात नवरा-नवरीला ध्रुव आणि अरुंधती दाखवायची पद्धत आहे. अरुंधतीची प्रत ४. ती दिसली तर शहराच्या मानाने तुमचं आकाश बरं. पत्ता नसेल तर, आता लग्नाच्या हॉलबाहेर गुरुजी कशाकडे बोट दाखवत असतील, विचार करा!

२. कृत्तिका मोजा. नोव्हेंबर ते मार्चच्या संध्याकाळी हा छोटा पुंजका दिसतो. सहा तारे सुटे दिसले तर तुम्ही ४.३ प्रतीपर्यंत बघताय. तीन-चारच दिसले, की आकाश उजळलंय. नुसता धुरकट ठिपका दिसला तर विषय संपला.

३. नोंद करा. ग्लोब ॲट नाइटचं पान फोनवर उघडतं. त्यात नक्षत्राची सात चित्रं असतात, मोजक्या ताऱ्यांपासून खच्चून भरलेल्यापर्यंत. तुमच्या आकाशाशी जुळणारं चित्र निवडायचं आणि पाठवायचं. पाच मिनिटांचं काम. दर वर्षी त्याच गच्चीवरून, त्याच महिन्यात केलंत तर त्याची किंमत आणखी वाढते.

४. फोटोची वही ठेवा. प्रो मोडमध्ये आयएसओ ८००, शटर १० सेकंद, व्हाइट बॅलन्स ऑटोवर न ठेवता एका आकड्यावर पक्का. फोन भिंतीला टेकवा, टायमर लावा, सरळ वरचा फोटो काढा. दर काही महिन्यांनी हीच सेटिंग, हीच जागा. शेजारचे दिवे बदलले की फोटोत लगेच कळेल. लक्स मीटरची ॲप मात्र यासाठी वापरू नका. रात्रीच्या आकाशाकडे धरलं तर ती शून्यच दाखवतात. दिव्याखाली फुटपाथवर किती उजेड पडतो, हे बघायला ती ठीक.

५. दिवा ओळखा. घरात जुनी सीडी पडली असेल तर ती घेऊन रस्त्याच्या दिव्याचं प्रतिबिंब तिरकं बघा. एलईडी असेल तर निळ्यापासून लालपर्यंत सलग पट्टा दिसेल. कुठे एखादा सोडियम उरला असेल तर तुटक पट्टे, मध्ये काळ्या फटी. फिल्टर एकाला का हरवायचा आणि दुसऱ्यापुढे का हरतो, हे एका नजरेत कळतं.

आणि हो, शहरातून सगळंच गेलेलं नाही. चंद्राची विवरं, गुरूचे चार मोठे चंद्र, शनीची कडी, जोडतारे यांना या उजेडाने फारसा फरक पडत नाही. ते मुळातच तेजस्वी आहेत. दुर्बीण घेतली असेल तर तिची सुरुवात इथून करा.

जिथे हे जमलंय

हे सगळं परदेशातच होतं, असं वाटत असेल तर नागपूरकडे बघा. पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये डार्कस्काय इंटरनॅशनल या संस्थेने भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता दिली. त्याआधी लडाखमध्ये हानलेला, वेधशाळेभोवती, डिसेंबर २०२२ मध्ये डार्क स्काय रिझर्व्ह जाहीर झालं होतं. पण हानले आहे हिमालयात, माणसांची वस्ती विरळ. पेंचच्या आसपास आपल्यासारखी गावं आहेत. वाघोली, सिल्लारी, पिपरिया, खापा या गावांतले शंभराहून जास्त दिवे बदलून खाली तोंड असलेले लावले गेले. गावं अंधारात गेली नाहीत. उजेड रस्त्यावर राहिला आणि वर आकाशगंगा राहिली.

मुंबई-पुण्यात आकाशगंगा परत येणार नाही, उगाच स्वप्नं दाखवत नाही. २०१६ च्या जागतिक नकाशानुसार जगातल्या एक तृतीयांश लोकांना ती घरून दिसत नाही, आणि आपण शहरवाले त्यातच. पण अरुंधती परत येऊ शकते. सुरुवात सोसायटीच्या मीटिंगपासून करा. टाकीवरचा हॅलोजन खाली वळवा किंवा त्याला मोशन सेन्सर लावा, कंपाउंडचे बल्ब बदलायची वेळ येईल तेव्हा ३००० केल्व्हिनचे घ्या. खांबावरचा दिवा घरात किंवा गच्चीवर घुसत असेल तर खांबाचा नंबर आणि फोटो जोडून वॉर्ड ऑफिसला तक्रार द्या. 'दिवा बंद करा' असं न लिहिता 'दिवा सरळ करा आणि आडपडदा लावा' असं लिहा. हे काम शिडीवरच्या माणसाला दहा मिनिटांचं असतं.

आमच्या गच्चीसमोरच्या दिव्याला असाच एक पत्रा लागला. तीन अर्ज गेले, चौथ्याला माणूस आला. माझा जुना फिल्टर अजून डब्यातच पडून आहे, त्याचा जमाना गेला. पण आता गच्चीच्या पूर्वेकडच्या कोपऱ्यात डोळे सरावतात, आणि गेल्या हिवाळ्यात तिथून कृत्तिकेचे पाच तारे मोजले. सहावा अजून दिसायचाय. तुमच्या गच्चीवरून किती दिसतात?